६० सेन्सर घेण्याआधी सुट्टीच्या दिवसाची वीज मोजा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक मध्यम आकाराची फाउंड्री आणि तिला लागून मशीन शॉप. धातू वितळवणाऱ्या दोन इंडक्शन (विजेच्या) भट्ट्या, दाबाची हवा पुरवणारे दोन स्क्रू कॉम्प्रेसर, साच्यांची वाळू तयार करणारा सँड प्लांट, पंधरा-वीस सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं, एचटी (उच्च दाबाचं) वीज कनेक्शन. एका विक्रेत्याने ६० ठिकाणी सेन्सर, क्लाउडवर डॅशबोर्ड आणि मोबाइल ॲप असा प्रस्ताव दिला आहे आणि १५ ते २० टक्के वीजबचतीचा दावा केला आहे. घ्यावा का? शिवाय प्रश्नकर्त्यांचे धाकटे बंधू एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती सांभाळतात. त्यांच्यापुढेही असाच प्रस्ताव आलाय.

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो, फाउंड्रीतही आणि पंपिंग स्टेशनवरही, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

साठ पॉइंट घेऊ नका. आठ-दहा घ्या, आणि ते कुठे बसवायचे हे तुम्ही ठरवा, विक्रेत्यावर सोडू नका. साठच्या प्रस्तावात बरेचसे मीटर सीएनसीवर असतात, कारण तिथे बसवायला सोपं आणि स्क्रीनवर हिरव्या-लाल चौकटी छान दिसतात. तुमच्यासारख्या कारखान्यात निम्म्याहून जास्त वीज भट्ट्या खातात, त्याखालोखाल कॉम्प्रेसर आणि सँड प्लांट. सीएनसीवर पंधरा मीटर लावून कळणार काय, तर जेवणाच्या सुट्टीत स्पिंडल थांबलेला असताना हायड्रॉलिक पंप आणि कूलंट चालू होते. त्यासाठी मीटर कशाला? दुपारी एक वाजता शॉपमधून एक चक्कर मारा.

आणि हे आठ-दहाही लगेच नकोत. आधी दोन कामं बिनपैशाची आहेत.

पहिलं काम साप्ताहिक सुट्टीचं. शेवटची पाळी सुटल्यावर मुख्य मीटरचं रीडिंग घ्या, आणि पुढची पाळी लागण्याआधी पुन्हा घ्या. केडब्ल्यूएच (खरी वापरलेली वीज, म्हणजे युनिट) आणि केव्हीएएच (बिलाला धरली जाणारी वीज) दोन्ही लिहा. मधल्या वेळात एकही कास्टिंग निघालेलं नाही, तरी काही युनिट पडलेली असणारच. भट्टीच्या कॉइलचं पाणी फिरतं ठेवावं लागतं, सिक्युरिटीचे दिवे, सर्व्हर, हे समजू शकतो. पण बहुतेक ठिकाणी याच्या कितीतरी पट आकडा येतो. सँड प्लांटचा डस्ट कलेक्टर कुणी बंदच केलेला नसतो, कॉम्प्रेसर रिकाम्या शेडमध्ये गळतीला हवा पुरवत असतो, पॅनल रूमचा एसी अठरा अंशांवर असतो. तासातासाचा आलेख हवा असेल तर महावितरणच्या एचटी मीटरमध्ये लोड सर्व्हे (वेळेनुसार वापराची नोंद) साठवलेला असतो, उपविभागात अर्ज करून तो मागता येतो. म्हणजे तुमच्या कारखान्याचा पहिला स्मार्ट मीटर आधीच गेटवर बसलेला आहे. त्याच्याकडे कुणी बघितलेलं नाही, एवढंच.

केव्हीएएच का, तेही सांगतो. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. त्या हिशोबात काम न करता नुसता ये-जा करणारा विजेचा रिॲक्टिव्ह भागही धरला जातो, मोटरमुळे मागे पडणारा आणि कपॅसिटरमुळे पुढे जाणारा, दोन्ही. सुट्टीच्या दिवशी खरा लोड ४० किलोवॉट आहे आणि कुणीतरी कायमचे जोडून ठेवलेले कपॅसिटर ६० केव्हीएआर देतायत, तर मीटर ७२ केव्हीए (४० आणि ६० च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) मोजतो. चाळीसची वीज, बहात्तरचं बिल. एपीएफसी पॅनल (गरजेनुसार कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं) ‘मॅन्युअल’वर टाकून विसरलेलं असणं हा या पट्ट्यातला अगदी नेहमीचा प्रकार आहे.

दुसरं काम कागदावरचं. मागच्या बारा महिन्यांची बिलं आणि त्या-त्या महिन्याचं गुड कास्टिंगचं (चांगल्या निघालेल्या ओतीव मालाचं) टनेज घ्या. आडव्या अक्षावर टन, उभ्या अक्षावर युनिट, बारा ठिपके. त्यातून साधारण एक सरळ रेषा जाते. ती रेषा शून्य टनावर उभ्या अक्षाला जिथे छेदते, तेवढी युनिट तुम्ही काहीही न बनवता दर महिन्याला भरता. रेषेचा चढ म्हणजे प्रत्येक टनाची वीज. छेद मोठा असेल तर दोष चालू-बंद करण्याच्या शिस्तीत आहे, चढ तीव्र असेल तर भट्टीत किंवा रिजेक्शनमध्ये. आणि ठिपके रेषेच्या आसपासही येत नसतील, तर टनेजची नोंद चुकीची आहे किंवा महिन्यामहिन्याला कामाचं स्वरूप फार बदलतंय, आणि तेही आधीच कळलेलं बरं. विक्रेता उद्या ‘१५ टक्के वाचवले’ म्हणाला, तर ते याच रेषेवर तपासायचं. ऑर्डर कमी झाल्या म्हणून उतरलेलं बिल बचतीत दाखवलं जातं, तेव्हा ही रेषाच तुम्हाला वाचवते.

आता मीटर. माझी यादी अशी: मुख्य इनकमर (बाहेरची वीज आत येते ती लाइन), दोन भट्ट्या वेगवेगळ्या, दोन कॉम्प्रेसर वेगवेगळे, सँड प्लांटचा फीडर (त्या विभागाला वीज नेणारी लाइन), मशीन शॉपचा एकच फीडर, कूलिंग टॉवर व पंप, आणि उरलेलं सगळं मिळून एक. यांच्या जोडीला हवेच्या हेडरवर (मुख्य पाइपवर) एक प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजणारा सेन्सर). भट्टीसाठी आणखी एक गोष्ट लागते, वजन. ते नसेल तर भट्टीवरच्या मीटरचा उपयोग जवळपास शून्य आहे.

भट्टीवर जरा थांबू, कारण पैसा तिथे आहे. लोखंड वितळवून १५०० अंशांपर्यंत न्यायला टनामागे सैद्धांतिक गरज ३९० युनिटच्या आसपास आहे. प्रत्यक्षात बऱ्या चाललेल्या भट्ट्या ५५० ते ६५० घेतात. समजा तुमची सरासरी ६८० आहे आणि ती ६०० वर आली. महिन्याला २५० टन वितळत असतील तर २०,००० युनिट, आणि सगळं धरून युनिटला ९ रुपये पडत असतील तर १,८०,००० रुपये महिना. हा आकडा साठ सेन्सरमधून येत नाही. तो एका मीटरमधून आणि चार्जच्या वजनातून येतो, तेही प्रत्येक हीटचा (एका वेळच्या वितळणीचा) हिशोब त्या पाळीतच भट्टीवाल्यासमोर ठेवला तर. महिन्याच्या सरासरीने कुणाचाच हात हलत नाही.

मिनिटामिनिटाच्या आलेखात एक हीट कशी दिसते बघा. सुरुवातीला थंड स्क्रॅप, पॉवर हळूहळू चढते. मग पूर्ण पॉवरचा सपाट पठारासारखा भाग. मध्येच एक खळगा: चार्ज अडकला, वरचे मोठे तुकडे एकमेकांत गुंतून खाली उतरेनात, भट्टीवाल्याने पॉवर कमी करून सळईने ढोसलं. पुन्हा पठार. मग शेवटी पॉवर एकदम खाली, पण शून्य नाही. ही जी शेपटी आहे ना, तीच बघायची. धातू तयार आहे, सॅम्पल लॅबमध्ये गेलंय, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट यायचाय. किंवा रिपोर्ट आलाय, पण मोल्डिंग लाइनवर साचे तयार नाहीत. किंवा क्रेन दुसरीकडे अडकलीय. तेवढा वेळ भट्टी फक्त तापमान धरून ठेवते. झाकण उघडं असेल तर १४५० अंशांवरच्या धातूचा उघडा पृष्ठभाग चौरस मीटरमागे शंभर किलोवॉटहून जास्त उष्णता शेडमध्ये फेकतो. भट्टीचं तोंड लहान असतं हे खरं, पण दिवसाला आठ-दहा हीट आणि प्रत्येक हीटला वीस मिनिटांची शेपटी, असं वर्षभर मोजा.

एका फाउंड्रीत आम्ही ही शेपटी पाळीनुसार लावून बघितली. दिवसपाळीत छोटी, रात्रपाळीत दुप्पट. भट्टी तीच, स्क्रॅप तेच. रात्री लॅबमध्ये एकच माणूस, आणि सॅम्पल घासायचं मशीन लॅबच्या दुसऱ्या टोकाला. ते मशीन स्पेक्ट्रोच्या शेजारी आणलं आणि सॅम्पल नेणारा पोऱ्या ठरवून दिला. मीटरने फक्त बोट दाखवलं. बाकी काम टेबल सरकवण्याचं होतं, आणि ते प्रॉडक्शन आणि लॅब यांनी एकत्र बसून केलं. मेंटेनन्सच्या हातात ते नव्हतंच. म्हणून डॅशबोर्डचं लॉगिन इलेक्ट्रिकल सुपरवायझरला देऊन मोकळं होऊ नका. भट्टीच्या वीजवापराच्या नोंदीवर मेल्टिंग आणि मोल्डिंग या दोघांचीही सही हवी.

एक सावधगिरी: टनामागची युनिटं बघताना लायनिंगचं (भट्टीच्या आतल्या अस्तराचं) वय शेजारी लिहा. लायनिंग झिजून पातळ होतं तशी कॉइल आणि धातू जवळ येतात, वीज कमी लागते आणि आकडे सुधारलेले दिसतात. ती सुधारणा नाही, धोका आहे. अशा वेळी ग्राउंड लीकेजच्या (जमिनीकडे झिरपणाऱ्या करंटच्या) रीडिंगकडे जास्त लक्ष द्यायचं. नव्या लायनिंगच्या पहिल्या हीट आणि जुन्याच्या शेवटच्या हीट यांची तुलना करून कुणाला बोल लावू नका, आणि कुणाला बक्षीसही देऊ नका. गंजलेलं, वाळू चिकटलेलं रिटर्न स्क्रॅप घातलं तरी आकडा वाढतो, कारण ती वाळूही तुम्ही विजेवर तापवून स्लॅग म्हणून बाहेर काढता.

कॉम्प्रेसरचं गणित त्यामानाने सोपं आहे, आणि बहुतेक ठिकाणी पहिली वसुली तिथूनच होते. फ्लो मीटर नसतानाही गळती मोजता येते. सुट्टीच्या दिवशी सगळे वापर बंद, एकच कॉम्प्रेसर चालू. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) राहतो ते मोजा. दीड मिनिट लोड, साडेचार मिनिटं अनलोड असेल तर सहातले दीड, म्हणजे त्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीतून जातेय. ७ बारच्या आसपास ३ मिलिमीटरचं एक भोक साधारण ३ किलोवॉट खातं. वर्षाला ६,००० तास धरले तर १८,००० युनिट, वरच्याच दराने १,६२,००० रुपये. एका भोकाचे! साबणाचं पाणी आणि टेफ्लॉन टेप यापुढे फारसं काही लागत नाही. शेड मोठी आणि गोंगाट जास्त असेल तर अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर भाड्याने आणा.

कॉम्प्रेसरवर कायमचा मीटर हवा तो गळती परत वाढतेय का हे बघायला, कारण ती वाढतेच. शिवाय दोन कॉम्प्रेसर एकमेकांशी भांडतायत का, हे मीटरशिवाय दिसत नाही. दोन्हींची प्रेशर सेटिंग सारखी असली तर एक साठ टक्के लोडवर आणि दुसरा नुसताच अनलोडवर फिरत राहतो. अनलोड म्हणजे फुकट नाही, स्क्रू कॉम्प्रेसर त्या अवस्थेतही पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज घेतो. मग हेडरवरचा प्रेशर ट्रान्समीटर बघून सेटिंग उतरवायची. १ बार कमी केला की साधारण ६ ते ७ टक्के वीज वाचते. मोल्डिंग मशीनवाला ‘प्रेशर पडतंय’ म्हणून ओरडेल. बहुतेक वेळा त्याच्या मशीनपर्यंतची लाइन बारीक असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो, आणि त्या एका मशीनसाठी सगळा कारखाना वरच्या प्रेशरवर चाललेला असतो.

मॅक्झिमम डिमांडसाठी (बिलात वेगळी धरली जाणारी महिन्यातली कमाल मागणी) मात्र सेन्सर खरोखरच जागेवर काम करतो. डिमांड १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर मोजली जाते. तुमच्या मीटरचा काळ किती, ते बघून घ्या. दोन्ही भट्ट्या एकाच वेळी पूर्ण पॉवरवर आणि त्यात सँड प्लांट, अशी तेवढ्या मिनिटांची एक खिडकी महिन्याची डिमांड ठरवून जाते. गेटवेने (मीटरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्याने) चालू खिडकीचा अंदाज काढून भट्टीजवळ भोंगा वाजवला, तर ऑपरेटर दुसऱ्या भट्टीची पॉवर पाच-सात मिनिटं थोडी उतरवतो. मोबाइलवर येणारा मेसेज इथे कुचकामी आहे. भट्टीवर उभ्या माणसाच्या हातात हातमोजे असतात, मोबाइल नसतो.

वेळेच्या दराबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ सवलत होती, त्यामुळे फाउंड्र्या रात्री वितळवायला शिकल्या. आता वारं दिवसाकडे फिरलंय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत दर कमी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत जास्त हे सूत्र आणलं, आणि १० किलोवॉटवरच्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी ते १ एप्रिल २०२४ पासून लागू करायचं ठरलं. तुमच्या ताज्या बिलावरचे तास आणि दर समोर ठेवून पाळ्यांचा पुन्हा विचार करा. रात्रपाळी निव्वळ जुन्या सवलतीसाठी चालत असेल, तर यातून मिळणारे पैसे कदाचित सगळ्या मीटरिंगपेक्षा जास्त असतील.

आता बसवण्याबद्दल, कारण निम्मे प्रकल्प इथे मरतात. थ्री-फेज मीटरला तीन सीटी (केबलमधला करंट मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर) असतात. घाईत एक सीटी उलटी बसली तर समतोल लोडवर मीटर खऱ्याच्या एक तृतीयांश दाखवतो. आकडा येतोय, आलेख हलतोय, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, आणि सहा महिने लोक त्या भट्टीचं कौतुक करतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या फीडरची बेरीज मुख्य इनकमरशी जुळते का ते बघा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालेल. दहा टक्क्यांचा असेल तर विक्रेत्याचं बिल मंजूर करू नका. सीटीची दिशा, रेशो आणि कोणत्या फेजची सीटी कोणत्या व्होल्टेजशी जोडली हे तपासा. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीच उघडी ठेवायची नाही, हे वायरमनला माहीत असतं, पण विक्रेत्याने पाठवलेल्या पोराला माहीत असेलच असं नाही. शटडाउन घेऊनच बसवा.

भट्टीच्या कन्व्हर्टरमुळे हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) येतात, सहा पल्सच्या भट्टीत पाचवा आणि सातवा ठळक. त्यामुळे मीटर ट्रू आरएमएस (विकृत लहरही बरोबर मोजणारा) हवा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) असेल तर मीटर तिच्या इनपुटला बसवा, आउटपुटला साधा मीटर काहीबाही दाखवतो. मीटर ते गेटवे डेटा नेणारी आरएस-४८५ ची शील्डेड केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका, आणि टर्मिनेशन रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावा. भट्टीच्या बाजूला केबल टाकणं शक्य नसेल तर ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं लोरा (लांब पल्ल्याचं वायरलेस) चांगलं चालतं, फक्त प्लॅस्टिकचा डबा भट्टीच्या झळेत ठेवू नका. इंटरनेट गेलं तर गेटवेने डेटा स्वतःजवळ साठवून नंतर पाठवला पाहिजे, हे केबल उपटून तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. आणि घड्याळ बघा. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर राहिला तर सगळा आलेख साडेपाच तासांनी सरकतो आणि पहाटे साडेतीनचा लोड आदल्या रात्री दहाचा म्हणून दिसतो. मग उगाच दुसऱ्या पाळीची हजेरी घेतली जाते.

आता तुमच्या बंधूंसाठी. नगरपरिषदेच्या वीजबिलात पाणी उपसणं हा मोठा आकडा असतो, दिवाबत्ती बहुतेक त्याच्या मागे. किती मोठा, हे गावाच्या भूगोलावर ठरतं. मुंबईचं बरंचसं पाणी शहापूरकडच्या धरणांमधून उताराने येतं. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीतून पाणी शंभर मीटरहून जास्त उचलावं लागतं. दोन शहरांची दर हजार लिटरमागची वीज शेजारी ठेवून कुणाची कार्यक्षमता चांगली हे ठरवणं म्हणूनच निरर्थक आहे.

ठरवायचं ते भौतिकशास्त्रावरून. १ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला २.७२५ वॉट-तास लागतात, त्याहून कमीत ते होत नाही. पंपाचं एकूण हेड (चढवायची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून) ४५ मीटर असेल तर घनमीटरला किमान ०.१२३ युनिट. पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर ०.१९. हा तुमच्या पंपाचा खरा आकडा असायला हवा. मोजल्यावर ०.२८ आला, तर एकूण कार्यक्षमता ४४ टक्क्यांवर घसरली आहे: इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय, किंवा पंप चुकीच्या हेडचा घेतलाय आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा दाबून चालवला जातोय. हे मोजायला प्रत्येक पंपाला ऊर्जामीटर, सक्शन आणि डिलिव्हरीवर प्रेशर, आणि मुख्य लाइनवर इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर एवढंच लागतं. फ्लो मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी असू द्या. जागा नाही म्हणून बेंडला चिकटवून बसवलेले मीटर मी इतके पाहिलेत की आता पंपहाउसमध्ये शिरल्यावर आधी नजर तिकडेच जाते.

व्हीएफडीबद्दल बंधूंना नक्की सांगा. ‘वेग २० टक्के कमी केला की वीज निम्म्यावर येते’ हे वाक्य पंपाच्या घनाच्या नियमातून (वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते) येतं आणि ते फक्त घर्षणाचं हेड असेल तिथे खरं आहे. उंच टाकीत पाणी चढवायचं असेल तर बरंचसं हेड उंचीचं असतं. वेग थोडा जास्त उतरवला की पाणी वर चढतच नाही, पंप नुसता पाणी घुसळत गरम होतो. तिथे व्हीएफडीऐवजी योग्य आकाराचा पंप हवा. गल्लीगल्लीत थेट दाबाने पुरवठा करणारा पंप असेल तर गोष्ट वेगळी.

टाक्यांवर लेव्हल सेन्सर मात्र सगळीकडे बसवा. रात्री टाकी ओसंडून वाहते, ऑपरेटर दोन किलोमीटरवरच्या पंपहाउसमध्ये, त्याला कळायला मार्ग नाही. ओसंडलेल्या प्रत्येक घनमीटरमध्ये शुद्धीकरणाचा आणि उपसण्याचा दोन्ही खर्च वाया जातो. लेव्हल पंपाच्या स्टार्टरशी जोडली तर वसुली लवकर होते, आणि एकदा टाक्यांच्या पातळ्या कळल्या की संध्याकाळच्या महाग तासांत पंप बंद ठेवून दुपारी टाक्या भरून घेता येतात.

रस्त्यावरच्या दिव्यांचं थोडक्यात. २०१५ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ईईएसएल या सरकारी उपक्रमांच्या कंपनीमार्फत देशभरात सव्वा कोटीहून जास्त एलईडी पथदिवे बसले, मोठी बचत तिथेच झाली. आता प्रत्येक खांबावर स्वतंत्र नोड (त्या एका दिव्याचा नियंत्रक) बसवायचा प्रस्ताव आला, तर हा हिशोब मांडा: १०० वॉटचा दिवा वर्षाला साधारण ४,००० तास जळतो, म्हणजे ४०० युनिट. मध्यरात्रीनंतर सहा तास ३० टक्के मंद केला तर वाचतात वर्षाला ६६ युनिट. त्यात नोड, त्याची दुरुस्ती आणि सिमकार्ड बसत नाही. त्याऐवजी चाळीस-पन्नास दिव्यांच्या फीडर पॅनलवर एक नियंत्रक बसवा: तारखेनुसार सूर्यास्त-सूर्योदयाची वेळ धरणारा आणि करंट मोजणारा. आपल्या भागात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. हिवाळ्यात लावलेला टायमर तसाच राहिला तर उन्हाळ्यात रोज तासभर दिवे उजेडात जळतात. करंट अचानक पडला तर दिवे गेलेत, वाढला तर कुणीतरी आकडा टाकलाय, हेही पॅनलवरच कळतं. महामार्गाचा चौक किंवा बसस्थानक अशा मोजक्या ठिकाणी नोड ठेवायला हरकत नाही.

शेवटी करार, दोन्ही भावांसाठी. मीटरचा रजिस्टर मॅप (कोणता आकडा मीटरमध्ये कुठे साठतो त्याची यादी) आणि कच्चा डेटा तुमच्या ताब्यात हवा, दर महिन्याला सीएसव्हीत उतरवता आला पाहिजे. उद्या विक्रेता बदलला तर मीटर तेच राहून नवा गेटवे जोडता यायला हवा, म्हणून मोडबससारखा खुला प्रोटोकॉल (उपकरणांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) लिहून घ्या. गेटवेला फक्त वाचायची परवानगी द्या. भट्टीच्या किंवा पंपाच्या पीएलसीवर (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकावर) बाहेरून काही लिहिता येता कामा नये, आणि उपकरणाबरोबर मूळचा आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. वार्षिक सबस्क्रिप्शन आणि सिमचे पाच वर्षांचे पैसे आजच्या किमतीत धरून मगच दोन प्रस्तावांची तुलना करा, कारण पहिल्या वर्षी फुकट असलेली गोष्ट तिसऱ्या वर्षी बोचते. रकमेचा शेवटचा ३० टक्के हप्ता बेरीज इनकमरशी सलग तीन महिने जुळल्यावरच सोडा. ‘बचतीवर पैसे’ अशी बोली असेल तर वर सांगितलेली बारा महिन्यांची रेषा कराराला जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या. विक्रेता त्याला तयार नसेल, तर साधे मोडबस मीटर बाजारात काही हजारांत मिळतात, कोल्हापुरातला चांगला पॅनल बिल्डर ते बसवून देतो, आणि पहिले सहा महिने एक्सेलवर आरामात निघतात.